आईनं केर काढला तेव्हा विमान कुठं होतं

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर गैरसमज नको. भूत, करणी, लिंबू-मिरची, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही. नोकरीची सगळी वर्षं शाळेत गणित शिकवलं. "बाई, आमच्या पिंपळावर काहीतरी आहे," असं कुणी म्हणालं, की मी त्याला सावलीवरून पिंपळाची उंची काढायला बसवायचे. उत्तर येईपर्यंत पिंपळावरचं जे काही असेल ते कंटाळून निघून जायचं. या ग्रुपवरचे अनुभव माझी नात मला मोठ्यानं वाचून दाखवते आणि मी मध्येच "मग कडी नीट लागली नसेल", "मग वारा असेल" असं बोलत राहते. परवा ती वैतागली. म्हणाली, "आजी, तुझ्या आख्ख्या आयुष्यात वाऱ्यावर ढकलता येणार नाही असं काहीच झालं नाही का?"

झालंय. एकदाच. मी सांगतेय आणि ती टाइप करतेय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका तिच्या.

आमचं माहेर जुन्नर तालुक्यातलं बोरी बुद्रुक. घर बोरीच्या, आळे गावाकडच्या टोकाला... ओसरी, माजघर, मागं चूल आणि पुढं अंगण. साल सत्तावन्न असेल नाहीतर अठ्ठावन्न. महिना मात्र पक्का आठवतो, चैत्र. कारण कांदा नुकताच काढला होता आणि वखारीत भरण्याआधी अंगणभर पसरला होता. ज्यांच्या घरी कांदा पिकतो त्यांना सांगायला नको, त्या दिवसांत वाळलेली टरफलं कुठं कुठं जातात. चुलीत, अंथरुणात, पाण्याच्या हंड्यात. सकाळ-संध्याकाळ झाडलं तरी पुरत नाही.

माझी मोठी बहीण अनसूया, आमची अक्का. तिचे यजमान, आमचे दाजी, नैरोबीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. लग्नानंतर ते रजेवर यायचे-जायचे, अक्का इथंच असायची. तिचं पहिलं बाळ आमच्याच घरी गेलं. रात्री कळा सुरू झाल्या आणि दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं संपलं होतं. दुसऱ्या खेपेला दाजींनी हट्टच धरला. तिथं मोठा दवाखाना आहे, बाळंतपण तिथंच होऊ दे म्हणाले. बाळंतपणाला लेकीनं माहेर सोडून परदेशी जायचं, हे आमच्या आईला किती लागलं असेल, ते मला आता कळतं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पोर जगलं पायजे. कुठं का व्हईना."

बोटीला आठ-दहा दिवस लागायचे आणि डॉक्टरांनी बोटीला साफ नाही म्हटलं. अक्काला सातवा महिना होता. म्हणून दाजींनी कुठून कुठून पैसे जमवून विमानाचं तिकीट पाठवलं. आमच्या पंचक्रोशीत तोवर विमानात बसलेलं कुणी नव्हतं, आणि बसणार कोण, तर जिनं रेल्वेसुद्धा पाहिली नव्हती ती आमची अक्का! मंगळवारी सकाळी आईनं तिच्या तळहातावर दही ठेवलं. आळेफाट्याहून एसटीनं पुणे, मग मुंबई. सोबतीला आमचे वडील... आम्ही त्यांना आबा म्हणायचो. बुधवारी रात्री नऊला सांताक्रूझहून विमान, मध्ये एडनला थांबा, आणि मग नैरोबी. एवढं आम्हाला ठाऊक होतं.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडं माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या पाठोपाठ घर झाडत नाहीत. झाडलं तर त्या माणसालाच केराबरोबर बाहेर लोटल्यासारखं होतं, असं म्हणतात. तुमच्याकडंही असेल. पुण्याला निघालेल्यासाठी एसटी नारायणगावच्या पुढं जाईपर्यंत थांबायचं. मुंबईला निघालेल्यासाठी दुसऱ्या सकाळपर्यंत. नैरोबीसाठी किती थांबायचं, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. कारण आजवर तिकडं कुणी उडत गेलंच नव्हतं. मग आईनं आपला नियम केला. अक्काचे पाय जमिनीला लागल्याचा सांगावा येईपर्यंत या घरात केरसुणी हलणार नाही.

आणि कांद्याचे दिवस!

मी तेव्हा फायनल, म्हणजे सातवी, पास होऊन घरी बसले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. शाळेतून नकाशांचं पुस्तक आणलं, मुंबईवर दोरा ठेवला आणि एडनवरून नैरोबीला नेला. पहिल्यांदा मी हिंदुस्थानच्या नकाशाचं प्रमाण जगाच्या नकाशाला लावलं, त्यामुळं नैरोबी नागपूरपेक्षा जवळ निघाली. मग दुरुस्त केलं. जवळजवळ तीन हजार मैल. आळ्याला कांतिशेट म्हणून किराणा दुकानदार होते. त्यांच्याकडं रोज वर्तमानपत्र यायचं. विमान ताशी अडीचशे मैल जातं, हे त्यांनी कधीतरी वाचलं होतं. म्हणजे बारा तास. एडनचा थांबा धरून तेरा. बुधवारी रात्री नऊला निघालेली अक्का गुरुवारी सकाळी दहाला आफ्रिकेत. गुरुवारी दुपारी मी आईपुढं जाऊन उभी राहिले.

"आई, पोचली अक्का. झाड आता."

"सांगावा आला?"

"सांगावा कशाला पाहिजे? हिशेब केलाय मी."

"तुझा हिशेब तिथं जाऊन बघून आलाय का?" असं म्हणून ती भाकरी थापायला लागली.

शेजारची सखूकाकू दारातून हे ऐकत होती. ती हसून म्हणाली, "अगं, तीन दिस झालं. इमान काय आभाळात मुक्कामाला थांबतंय व्हय?" आईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी आबा परतले. विमान उडताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. चार पंखे, एकेक पंखा आपल्या दारापेक्षा मोठा. सांगताना ते दाराकडं हात करून दाखवत होते. आईनं पाणी दिलं आणि एकच विचारलं, "वर जाताना ती खिडकीत व्हती का?" आबांना ते दिसलं नव्हतं.

नेमकी शुक्रवारी सकाळी मला बघायला माणसं यायची होती. कळंबची. ते दोन आठवड्यांपूर्वीच ठरलं होतं, पुढं ढकलणं शक्य नव्हतं. घरात चार दिवसांचा केर. चालताना पायाखाली टरफलं कुरकुरत होती. आबांनी आधी समजुतीनं सांगितलं, मग आवाज चढवला.

"पावणं येत्यात. निदान वसरी तरी झाड."

"पावणं घर बघाय येत्यात का पोरगी? पोरगी आंघूळ करून बसलीया. बास."

त्या बाईचं मला आजही कौतुक वाटतं. लाज नव्हती असं नाही. आमची आई म्हणजे पोतेऱ्याची घडीसुद्धा नीट घालून ठेवणारी. पण लाज एका बाजूला आणि लेक एका बाजूला, आणि तिचं मन एवढंसुद्धा डळमळलं नाही.

दहाच्या सुमाराला पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. आबांनी टरफलांवरच घोंगडी अंथरली होती. आत्याबाईंनी बसता बसता एक टरफल चिमटीत धरून वर उचललं. "कांदा काय घरातच मळला का वो?" त्या म्हणाल्या.

आबा खाली बघायला लागले. आई मात्र माजघराच्या दारातून सरळ बाहेर आली. "माझी थोरली इमानात हाय, बाई. पोचल्याचा सांगावा आला की झाडीन. तवर तुमाला टरफलांवरच बसावं लागंल. राग मानू नगा."

मुलाच्या वडिलांनी मान डोलावली. मुलगा नव्या मनगटी घड्याळाकडं बघत होता. येऊन बसल्यापासून त्याचं तेच चाललं होतं. मला वाटलं, याला इथून कधी एकदा सुटतो असं झालंय.

आत्याबाईंनी मला नाव विचारलं, चालून दाखवायला लावलं, मग सुईत दोरा ओवायला दिला. मी दोऱ्याचं टोक ओलं करत होते, तेवढ्यात आई पोह्यांच्या ताटल्या घेऊन बाहेर आली. दारात थांबली. मी समोरच होते, म्हणून मला तिचा चेहरा दिसला. घाबरलेला नव्हता. चुलीवर काहीतरी करपतंय असा वास आल्यावर बाई थांबते ना, तसा होता. तिनं ताटल्या खाली ठेवल्या, दाराआड हात घातला आणि केरसुणी काढली.

कुणीही कोपऱ्यापासून केर काढतं. आईनं तसा काढला नाही. माजघराच्या उंबऱ्यापासून तिनं सरळ पुढं झाडायला सुरुवात केली... एक पट्टा. दोन हात रुंद असेल. उजवीकडं नाही, डावीकडं नाही. वाकून, भराभर, नाकासमोर. पाहुणे त्या पट्ट्याच्या मध्येच बसले होते.

"पाय घ्या, पावणं. पाय घ्या, पाय घ्या!"

पाहुणे बसलेले असताना केर काढणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. आत्याबाई अंगावर पाल पडल्यासारख्या उठल्या. मुलाच्या वडिलांनी घोंगडी ओढून घेतली. आई थांबली नाही. ओसरी उतरून अंगणात आली. घरातली केरसुणी ती कधी अंगणाला लावू द्यायची नाही. अंगणाला खराटा वेगळा असायचा, आणि मी एकदा अदलाबदल केली होती तेव्हा पाठीत धपाटा खाल्ला होता. तीच आई लक्ष्मीची केरसुणी घेऊन मातीतून, कांद्यांतून सरळ चालली होती. वाटेत पाहुण्यांच्या वहाणा होत्या आणि कांद्याची भरलेली पाटी होती. कुणी काही बोलायच्या आत तो मुलगा उठला आणि पळत तिच्या पुढं गेला. वहाणा बाजूला केल्या, पाटी उचलून कडेला ठेवली. त्यानं विचारलं नाही, हसला नाही. एवढी घाई असलेली बाई दिसली आणि त्यानं तिची वाट मोकळी केली. त्याच्याशी लग्न करायचं, हे मी तिथंच ठरवून टाकलं.

रस्त्यापर्यंत पट्टा पोचला आणि आई सरळ झाली. दोन-तीन श्वास घेतले. मग हातातल्या केरसुणीकडं बघितलं, मागं त्या पट्ट्याकडं बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"सुमे," ती म्हणाली, "म्या काय केलं गं?"

सांगावा आला नव्हता. लेक पोचली का नाही ते ठाऊक नव्हतं आणि तिनं तिच्या मागं केर काढला होता. तोही दारापर्यंत नाही, थेट रस्त्यापर्यंत. ती तिथंच मातीत बसली. आत्याबाई म्हणाल्या, "चला दादा, झाडून काढलं आपल्याला." मुलाच्या वडिलांनी वहाणा घातल्या. जाताना त्यांनी आईला वाकून नमस्कार केला. का केला, ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

त्यानंतर आईनं पाण्याचा थेंब घेतला नाही. आबांनी समजावलं, मी समजावलं. मी तर सारखी म्हणत होते, अगं, ती गुरुवारीच पोचलीय, तू शुक्रवारी झाडलंस, मग काय बिघडलं? ती ऐकतच नव्हती. "माझा हात कसा उठला? माझा हात कसा उठला?" एवढंच. एक पोर या घरात गेलं, आणि दुसऱ्याला मी माझ्या हातानं बाहेर लोटलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. रडत नव्हती. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

शनिवारी दुपारी कांतिशेट स्वतः सायकलवर तार घेऊन आले. आळ्याच्या पोस्टात आली होती, ती वाचून दाखवायला म्हणून ते घेऊनच निघाले. अंगणातूनच ओरडले, "वैनी, पोचली! पोरगी सुखरूप पोचली! शुक्रवारी सकाळी!"

"शुक्रवारी?" मी म्हणाले. माझा हिशेब गुरुवारचा होता.

आईनं तांब्याभर पाणी उभ्यानंच पिऊन टाकलं. मग केरसुणी घेतली आणि कोपऱ्यापासून, रोजच्यासारखं, सगळं घर झाडून काढलं. संध्याकाळी आम्हा दोघांना बसवून तिनं सांगितलं, "मी आधीच केर काढला व्हता ते तिला कधी सांगायचं न्हाई. पोर आयुष्यभर मनाला लावून घेईल." आम्ही शब्द दिला आणि पाळला. पत्रातसुद्धा कधी लिहिलं नाही.

तीन वर्षांनी अक्का आली. बरोबर तिचा मुलगा विजय, काळाभोर, गुटगुटीत, आणि बोरीत कुणाला कळत नाही असली भाषा बोलणारा. दुपारी आम्ही ओसरीत बसलो होतो. सखूकाकूनं विचारलं, "इमानात भ्या न्हाई वाटलं?" आणि अक्कानं पहिल्यांदाच सगळं सांगितलं.

एडनला विमानाचं एक इंजीन बिघडलं. दुरुस्तीसाठी सगळ्यांना उतरवलं, एक आख्खा दिवस तिथंच गेला. म्हणजे विमान खरोखर मुक्कामाला थांबलं होतं. शुक्रवारी नैरोबीवर पोचले तर खाली नुसता ढग. विमान घिरट्या घालत राहिलं. खाली यायचं, पुन्हा वर जायचं. मग विमानातल्या बाईनं सगळ्यांचे चष्मे काढून घेतले आणि डोकं गुडघ्यावर टेकवून बसायला सांगितलं. शेजारची गुजराती म्हातारी मोठमोठ्यानं देवाचं नाव घेत होती.

"मी खिडकीतनं बघत व्हते," अक्का म्हणाली, "मला वाकताच येईना, पोट मधी येत व्हतं. सगळं पांढरं. आन मग ढग हटला... एकदम न्हाई गं. हितनं सुरू झाला आन असा, असा, पुढं पुढं सरळ. दोन्हीकडं ढग तसाच, मधनं तेवढा पट्टा. आन पट्ट्याच्या टोकाला खाली जमीन. इमान त्या पट्ट्यातनंच उतरलं."

हे सांगताना तिचा हात जमिनीवरून सरकत होता. आडवा, लहान लहान झटके देत, पुढं पुढं. आबांनी माझ्याकडं बघितलं. आई माजघराच्या दारात उभी होती.

"किती वाजले होते?" मी विचारलं. मला दुसरं काही सुचेना.

"हे खाली घ्यायला आलं व्हते, ह्यांनी घड्याळ बघितलं व्हतं. तिथले आठ."

तिथलं घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा पावणेतीन तास मागं असायचं. म्हणजे आपले पावणेअकरा. माझ्या नवऱ्यानं... हो, तोच तो मुलगा... लग्नानंतर सांगितलं होतं, की वहाणा उचलायला वाकला तेव्हा सवयीनं त्याची नजर घड्याळावर गेली. पावणेअकरा वाजत आले होते.

मी हे सगळ्या बाजूंनी तपासलंय. नैरोबी उंचावर आहे, ऊन चढलं की सकाळचा ढग विरतो. बरोबर. आई चार दिवस काळजीत होती, मन ताणलेलं होतं, काळजीतली माणसं काहीही करतात. तेही बरोबर. नवरा घड्याळ पाच-दहा मिनिटं पुढं लावायचा, हेही मी धरलंय. प्रत्येक गोष्टीला वेगळं कारण आहे. पण ती सगळी एकत्र मांडली की बेरीज जुळत नाही. कारण विमान अजून वर आहे हे बोरीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आईलाही नव्हतं. तिला ठाऊक होतं असं ती कधीच म्हणाली नाही. उलट आपण घात केला असंच ती धरून बसली होती.

त्या दुपारी अक्काचं सांगून झालं. मग आईनं दारातूनच विचारलं, "तवा तू मला हाक मारली व्हतीस का गं?"

अक्का थोडी गोंधळली. "न्हाई आई. खोटं कशाला बोलू. तवा मला तुझी आठवन बी न्हाई आली. मी ह्याच्याशीच बोलत व्हते." तिनं विजयकडं बोट दाखवलं. "पोटावर हात ठेवून म्हनत व्हते, भिऊ नगं राजा, आपुन आता आजीच्या दारातच उतरतोय. काय तरी सांगायचं म्हनून सांगितलं."

आई ओसरीत आली. त्या पोराला उचलून मांडीवर घेतलं. त्याला मराठी नीट येत नव्हतं, तो नुसताच तिच्या तोंडाकडं बघत होता. पदरानं त्याचे धुळीचे पाय पुसत ती म्हणाली, "उतरलास की रं. बरुबर दारात उतरलास." आणि मग, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, ती मोठ्यानं रडली.

हे कसं झालं, मला माहीत नाही.